जुनागढचे ९१

माझ्या आजीचं माहेर बार्शीचं, सासर येडशीजवळच्या एका खेड्यातलं. अंतर असं काही नाही. सकाळी निघालं तर जेवायला घरी. पण तिचं लग्न झालं तेव्हा बार्शी इंग्रजांच्या सोलापूर जिल्ह्यात होती आणि येडशी निजामाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात. बार्शी लाइटची चिमुकली गाडी हद्द ओलांडून लातूरकडे जायची आणि करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे, शिपाई बायकांचीही गाठोडी सोडायला लावायचे. माहेरी इंग्रजांचा कलदार रुपया, सासरी निजामाचा हाली. सात हाली मोजले की सहा कलदार. भाऊबीजेला भावानं ताटात टाकलेला कलदार आजी फडक्यात बांधून ठेवायची. सासरच्या बाजारात तो मोडायचा म्हणजे त्याचा भाव करत बसायचं, आणि भावाच्या रुपयाचा भाव कोण करणार?

२०१४ च्या सप्टेंबरात स्कॉटलंडमध्ये मतदान होतं. ब्रिटनमध्ये राहायचं की वेगळा देश करायचा. मी टीव्हीसमोर बसलेलो, आजी सुपात लसूण सोलत होती. काय चाललंय म्हणून तिनं विचारलं, मी सांगितलं. ती म्हणाली, "लेकी दिल्या-घेतल्यात का त्यांनी एकमेकांत?" म्हटलं, तीनशे वर्षं एका छपराखाली आहेत, दिल्या असणारच. "मग जी लेक तिकडं दिली तिला मत हाय का?"

मला उत्तर माहीत नव्हतं. नंतर शोधलं. नव्हतं तिला मत. एडिंबरात जन्मून लंडनला नांदायला गेलेलीला नव्हतं. एडिंबरात कामाला येऊन राहिलेल्या पोलंडच्या माणसाला होतं, सोळा वर्षांच्या पोरांनाही होतं. जो तिथं राहतो त्याचं मत, असा नियम. नियम वाईट नाही, दुसरा केला असता तर आणखी भानगडी झाल्या असत्या. पण आजीनं नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं. स्वयंनिर्णयाचा हक्क लोकांचा, असं आपण सहज म्हणून जातो. ते लोक कोण, हे मात्र मतदानानं ठरत नाही. ते कुणीतरी आधी ठरवून ठेवलेलं असतं, आणि पुष्कळदा खरा निकाल तिथेच लागलेला असतो.

"आमाला तर कुनी इचारलंच न्हाई," म्हणून आजीनं तिच्यापुरता विषय मिटवला.

तिचं खरं होतं. १९४७ साली तीन संस्थानांचा प्रश्न लोंबकळत राहिला आणि तिघांची तीन तऱ्हांनी विल्हेवाट लागली. काठियावाडातल्या जुनागढच्या लोकांना विचारलं. काश्मीरच्या लोकांना विचारू म्हटलं. हैदराबादच्या लोकांना विचारावं का, यावर वाटाघाटींत बोलणं निघालं, एकदा नव्हे पुन्हा पुन्हा निघालं, आणि मतपेटी काही आली नाही. १३ सप्टेंबर १९४८ ला भारताच्या फौजा शिरल्या, १७ ला निजाम शरण आला. हीच ती पोलीस ॲक्शन. (काश्मीरबद्दल इथं लिहीत नाही. तो विषय काढला की बाकीचं सगळं वाहून जातं.)

जुनागढचं मतदान झालं २० फेब्रुवारी १९४८ ला. भारताच्या बाजूनं एक लाख नव्वद हजारांवर, पाकिस्तानच्या बाजूनं ९१. नवाब आधीच्या ऑक्टोबरातच कराचीला निघून गेला होता, कारभार भारताच्या हातात आला होता, निकाल काय लागणार हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. म्हणून या मतदानाला नुसता देखावा म्हणणारे आहेत, आणि त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. मला मात्र ते ९१ जण सारखे आठवतात. आजूबाजूला सगळा वारा एकीकडे वाहत असताना पेटीपाशी जाऊन उलटं मत टाकणारी ९१ माणसं. नवाबाच्या पदरी असतील, मनापासून तसं वाटणारी असतील, एखाद-दुसरा चुकलाही असेल. कोण ते कळायला मार्ग नाही, पण किती ते कायमचं लिहिलं गेलं.

हैदराबादेत मतदान झालं असतं तर निकाल काय लागला असता याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. सोळा जिल्ह्यांचं संस्थान. आठ तेलंगणाचे, पाच मराठवाड्याचे, तीन कर्नाटकाचे. १९४७ च्या ७ ऑगस्टपासून स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह चाललेला, स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात, सरहद्दीला लागून कॅम्प उभे राहिलेले, करोडगिरीची नाकी जळत होती. मत भारताकडेच पडलं असतं. पण हरणारे किती हेही कळलं असतं. ते कळलं नाही, आणि त्याची किंमत आपल्या गावांनी मोजली.

रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी लातूरला वकिली करायचा. त्याच्या माणसांनी गावं लुटली, जाळली, माणसं मारली, हे मराठवाड्यात कुणाला सांगावं लागत नाही. सांगावं लागतं ते त्याच्या नंतरचं. फौजा आल्यावर मुसलमानांशी जे हिशेब चुकते झाले ते रझवीच्या माणसांशीच झाले असं नाही. नेहरूंनी पाठवलेल्या सुंदरलाल समितीनं अगदी हात राखून २७ ते ४० हजार माणसं मारली गेल्याचा अंदाज दिला. सगळ्यात जास्त झळ बसलेले चार जिल्हे तिनं नोंदवले, त्यांत उस्मानाबाद आणि नांदेड आहेत. उरलेले बिदर आणि गुलबर्गा. तो अहवाल कित्येक दशकं कपाटात राहिला. आमच्या गावात वेशीच्या आतल्या अंगाला पिंजाऱ्याचं पडकं जोतं आहे. त्यावर आता रुई आणि घाणेरी माजली आहे. आजीला विचारलं तर "ॲक्शनच्या साली गेले ते," एवढंच सांगायची. गेले म्हणजे गावातून की जगातून, असं मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा ती सूप उचलून आत गेली.

तो पिंजारी कुणाच्या बाजूचा होता? त्याला कुणी विचारलं नव्हतं. मोजणीच झाली नाही, म्हणून त्याच्या धर्माचा प्रत्येक माणूस हरलेल्या बाजूला धरला गेला. जिंकणार कोण हे बहुतेक वेळा आधीच दिसत असतं. विरुद्ध बाजूचे किती आहेत आणि कोण कोण मुळीच त्या बाजूचे नाहीत, हे पेटीशिवाय कळत नाही. सार्वमताचा हा उपयोग त्याची वकिली करणारेही फारसा सांगत नाहीत.

यावर कुणी म्हणेल, पूर्व तिमोरचं काय? १९९९ च्या ऑगस्टात संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली मतदान झालं, ७८.५ टक्क्यांनी इंडोनेशियापासून वेगळं व्हायचं म्हटलं, आणि निकालानंतर सशस्त्र टोळ्यांनी देशच जाळून काढला. मोजणी झाली म्हणून कत्तल टळली नाही. कबूल. पण आकडा जगासमोर होता, म्हणून पुढच्याच महिन्यात बाहेरची फौज उतरली आणि ‘तिथल्या लोकांना हेच हवं होतं’ असं म्हणायची सोय कुणाला राहिली नाही.

तर मी सार्वमताच्या विरोधातला माणूस नाही. माझं भांडण आहे ते एका दिवसात, एका प्रश्नावर, हो की नाही यात एका प्रदेशाचं आयुष्य निकालात काढण्याशी.

क्वेबेक बघा. कॅनडातला फ्रेंच बोलणारा प्रांत. १९८० मध्ये विचारलं, जवळजवळ ६० टक्के नको म्हणाले. १९९५ च्या ३० ऑक्टोबरला पुन्हा विचारलं. ९३ टक्क्यांहून जास्त मतदान झालं. असं मतदान आपल्याकडे ग्रामपंचायतीला होतं, लोकसभेला नाही. नको म्हणणारे ५०.५८ टक्के, हवं म्हणणारे ४९.४२. फरक ५४,२८८ मतांचा, म्हणजे आपल्या एखाद्या तालुक्याच्या गावात माणसं असतात तेवढा. आणि प्रश्न काय होता? क्वेबेकनं सार्वभौम व्हावं का, कॅनडापुढे नव्या आर्थिक नि राजकीय भागीदारीचा प्रस्ताव ठेवून झाल्यावर, अमुक विधेयकाच्या आणि तमुक तारखेच्या कराराच्या चौकटीत. हे एकच वाक्य होतं. तलाठ्यानं लिहिलेला पंचनामा याहून सुटसुटीत असतो. त्याला ‘हो’ म्हटलेल्यांपैकी कितीजणांना वेगळा देश हवा होता आणि कितीजणांना नुसता ओटावातल्या केंद्र सरकारला दम भरायचा होता, कुणी सांगावं.

त्याच्या सहा दिवस आधी आणखी एक मतदान झालं होतं, त्याची गोष्ट कमी लोकांना ठाऊक आहे. क्वेबेकच्या उत्तरेला अफाट प्रदेशात क्री हे आदिवासी राहतात. त्यांनी आपलं वेगळं सार्वमत घेतलं: क्वेबेक कॅनडातून गेलं तर आम्ही त्याच्याबरोबर जायचं का? ९६ टक्क्यांहून अधिक म्हणाले, नाही. स्वयंनिर्णयाचा हक्क मागणाऱ्या क्वेबेकवाल्यांना हा हक्क क्री लोकांना द्यायचा नव्हता. प्रांत अखंड राहिला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. देश तोडता येतो, प्रांत तोडता येत नाही, हा तर्क मला कधी उमगलेला नाही.

कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानं १९९८ मध्ये यावर जे मत दिलं ते आपल्याकडच्या प्रत्येक राजकीय कार्यकर्त्यानं वाचावं. प्रांताला एकतर्फी निघून जायचा हक्क नाही. पण स्पष्ट प्रश्नावर स्पष्ट बहुमतानं लोकांनी जायचं म्हटलं तर बाकीच्या देशाला ऐकलं नाही असं करता येणार नाही. बोलणी करावीच लागतील. स्पष्ट बहुमत म्हणजे किती टक्के, हे न्यायालयानं सांगितलं नाही, आणि माझ्या मते तिथे ते कचरलं. माँटेनेग्रोत २००६ मध्ये आधीच ५५ टक्क्यांची रेघ ओढून ठेवली होती. मतं पडली ५५.५ टक्के. हरलेल्यांना वाईट वाटलं, पण रेघ खेळाआधी आखलेली होती.

स्कॉटलंडनं प्रश्नाच्या बाबतीत शहाणपणा दाखवला. तिथल्या सरकारनं आधी ‘तुम्हाला मान्य आहे का’ अशी सुरुवात सुचवली होती. निवडणूक आयोग म्हणाला, असं विचारलं की माणूस मान डोलावतो, काढा ते. मग ‘स्कॉटलंड स्वतंत्र देश असावा का’ एवढाच प्रश्न उरला. ८४.६ टक्के मतदान, ५५.३ टक्के नको. दोन वर्षांत ब्रिटननं युरोपीय संघ सोडायचं ठरवलं, स्कॉटलंडच्या ६२ टक्के मतांविरुद्ध, आणि ‘नको’ म्हणताना ज्या घरात राहायचं ठरवलं होतं त्या घराचीच भिंत पडली. पुन्हा विचारा म्हटलं तर २०२२ मध्ये ब्रिटनचं सर्वोच्च न्यायालय म्हणालं, वेस्टमिन्स्टरच्या, म्हणजे ब्रिटिश संसदेच्या, परवानगीवाचून नाही.

बाकीच्या कहाण्या थोडक्यात उरकतो. कॅटलोनियात २०१७ ला नव्वद टक्क्यांवर ‘हो’ पडलं, पण मतदान झालं ४३ टक्के, कारण नको म्हणणारे घरीच बसले. इराकमधल्या कुर्दांनी त्याच वर्षीच्या सप्टेंबरात ९२.७ टक्क्यांनी हवं म्हटलं आणि तीन आठवड्यांत किर्कुक हातचं घालवलं. दक्षिण सुदानच्या मतपत्रिकेवर लिहिता-वाचता न येणाऱ्यांसाठी चित्रं होती: वेगळं व्हायला उंचावलेला एक हात, एकत्र राहायला एकमेकांत घेतलेले दोन हात. ९८.८३ टक्क्यांनी एका हातावर खूण केली. पुढच्या तीन वर्षांच्या आत, २०१३ च्या डिसेंबरात, ते हात एकमेकांवर उठले.

चित्रांवरून आठवलं. आपल्याकडेही असं एक मतदान झालं आहे, आणि मराठी माणूस त्याची आठवण काढत नाही, कारण त्यात तो हरला. १६ जानेवारी १९६७, गोवा. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीन व्हा, दोन पानं म्हणजे वेगळा केंद्रशासित प्रदेश राहा. फुलाला १,३८,१७०, दोन पानांना १,७२,१९१. आपण धरूनच चाललो होतो की गोवा आपला. मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर स्वतः विलीनीकरणवाले, पक्षाचं नावच महाराष्ट्रवादी गोमंतक. मतदान निष्पक्ष व्हावं म्हणून त्यांचं सरकार आधी पायउतार झालं. लोकांनी विलीनीकरणाला नाही म्हटलं, आणि दोन-अडीच महिन्यांनी विधानसभेच्या निवडणुकीत त्याच बांदोडकरांना पुन्हा निवडून दिलं. माणूस चांगला, कल्पना नको. इतकं स्वच्छ उत्तर मी दुसऱ्या कुठल्या सार्वमतात पाहिलेलं नाही. हेही लक्षात घ्या की प्रश्न देशातून जायचा नव्हता. एका घरातल्या कुठल्या खोलीत राहायचं एवढाच होता. कदाचित म्हणूनच तो शहाणपणानं सुटला.

बेळगावच्या बाबतीत आपण लोकेच्छा, लोकेच्छा म्हणतो. खेडं हा घटक धरा, म्हणतो. बिदर, भालकी घोषणेत अजून आहे. ते मला मान्यच आहे. मग १९५६ साली मराठवाड्याला मुंबई राज्यात, म्हणजे पुढच्या महाराष्ट्रात, नेताना खेडं हा घटक धरून कुणी विचारलं होतं का? नाही. विचारलं असतं तर ‘हो’च आलं असतं, भाषा एक होती, आणि बार्शीच्या भावाकडे जाताना गाठोडं सोडावं लागू नये असं आजीला केव्हाचं वाटत होतं. पण विचारताना निदान सांगावं लागलं असतं की बदल्यात काय. दर १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिदिनाच्या भाषणात ‘मराठवाडा बिनशर्त सामील झाला’ हे वाक्य अभिमानानं येतं, टाळ्या पडतात. मला दरवेळी वाटतं, कुणाच्या भोळेपणाला आपण टाळ्या वाजवतोय?

आपल्याच संस्थानातून फुटलेलं दुसरं भावंड बघा. राज्य पुनर्रचना आयोगानं १९५५ मध्ये म्हटलं होतं की तेलंगणाचा भाग तूर्त वेगळा ठेवा. १९६१ च्या सुमाराच्या निवडणुकीनंतर तिथल्या विधानसभेनं दोन तृतीयांश मतानं म्हटलं तरच आंध्रात घाला. थांबा, नांदा, मग विचारा. किती साधी सूचना. ती कुणी ऐकली नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला एकत्र केलं, सभ्य गृहस्थांचा करार म्हणून एक कागद हाती दिला, तो पाळला नाही, आणि २ जून २०१४ ला वेगळं करावं लागलं. वेगळं करतानाही आंध्रच्या विधानसभेनं नाही म्हटलेलं होतं. राज्यघटनेच्या तिसऱ्या कलमाला त्याचं सोयरसुतक नाही, मत मागवलं की पुरे. जोडताना तेलंगणाला विचारलं नाही, तोडताना आंध्रचं ऐकलं नाही.

बाबासाहेबांनी १९५५ मध्येच महाराष्ट्राची चार राज्यं सुचवली होती आणि मध्य महाराष्ट्र म्हणून आपला भाग त्यात वेगळा होता. वेगळ्या मराठवाड्याची मागणी करणारे आज त्यांचा दाखला देतात. मी त्या मागणीच्या बाजूचा नाही. राजधानी जवळ आली म्हणून धरण भरत नाही. पण मागणी करणाऱ्यांना फुटीर म्हणून उडवून लावणाऱ्यांनी आधी आपला कागद बघावा. १९५३ चा नागपूर करार, त्यात मराठवाड्याकडे खास लक्ष देण्याचं वचन. १९५६ मध्ये घटनेत ३७१ (२), विकास मंडळांची तरतूद. मंडळ प्रत्यक्षात आलं १ मे १९९४ ला. अडतीस वर्षांनी! आणि ३० एप्रिल २०२० ला त्याची मुदत संपली, कुणी वाढवली नाही. त्या दिवसांत पुण्याहून आमची पोरं डोक्यावर पिशव्या घेऊन पायी गावाकडे येत होती. मंडळ गेल्याचं कळायला कुणाला सवड होती? ते ठेवायचं की नाही, हे मराठवाड्याला विचारायचा साधा रिवाजही नाही. माझा आग्रह असेल तर एवढाच आहे: असं मंडळ, असा निधी, असा करार संपवायचा तर या आठ जिल्ह्यांतल्या लोकांनी किंवा त्यांच्या आमदारांनी मत दिल्याशिवाय संपवता येऊ नये. देश सोडण्याच्या प्रश्नावर आयुष्यात एकदा मत देण्यापेक्षा असं मत दर पाच वर्षांनी द्यायला मिळालं तर ते मला जास्त मोलाचं वाटेल.

आता कबुली. २०१४ च्या त्या आठवड्यात मी स्कॉटलंडवर हाती लागेल ते वाचत होतो. १७ ला झेंडा झाला, १८ ला तिकडे मतदान, १९ ला निकाल. त्याच १९ सप्टेंबरला आपल्या राज्याच्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणानं एक आदेश काढला: १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांहून कमी साठा असेल तर वरच्या नाशिक-नगरच्या धरणांनी पाणी सोडायचं. मराठवाड्याच्या हाती आलेली एवढी नेमकी, आकड्यातली, तारखेतली गोष्ट मला दुसरी आठवत नाही. ती मला कळली महिन्याभरानं, तीही भाऊबीजेला.

माझी चुलत बहीण नेवाशाला दिली आहे, मुळेच्या कालव्यावर. तिचा सख्खा भाऊ पैठणच्या खाली, जायकवाडीच्या कालव्यावर. ओवाळून झालं, ताट बाजूला ठेवलं आणि ती म्हणाली, "दादा, यंदा आमचं पाणी नेऊ नका रे, ऊस उभा आहे." तो म्हणाला, "ताई, तुझा ऊस उभा आहे, आमची मोसंबी जळायला लागलीय." आजी कोपऱ्यात बसून ऐकत होती. तिनं विचारलं, "किती टक्के म्हनला रं?" मी म्हटलं, पासष्ट. ती बोटांवर काहीतरी मोजत राहिली, बराच वेळ.